गच्चीवरून वर फेकलेला चेंडू आणि त्वरणाचे चिन्ह : एक प्रकरण अभ्यास

अकरावी विज्ञान शाखेतील एका विद्यार्थिनीने घटक चाचणीत सोडवलेले एक उदाहरण हा या लेखाचा विषय आहे. तिची दोन्ही उत्तरे बरोबर होती आणि आकडेमोडीत कुठेही खाडाखोड नव्हती. उदाहरणाखाली काढलेल्या आलेखांकडे लक्ष गेले नसते, तर मी पूर्ण गुण देऊन पुढचा पेपर हाती घेतला असता. त्या आलेखांमुळे मात्र असे लक्षात आले, की वेग आणि त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) यांच्या चिन्हांविषयी तिच्या मनात एक संपूर्ण, आतून सुसंगत आणि तरीही चुकीची मांडणी तयार झाली आहे. पुढच्या दोन आठवड्यांत ती मांडणी कशी उलगडत गेली, हे येथे शक्य तितक्या तपशिलाने नोंदवले आहे, कारण पहिल्या इयत्तेपासून हुशार गणल्या गेलेल्या मुलांमध्येही ही चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

उदाहरण असे होते. २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून एक चेंडू १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला आणि परत येताना तो गच्चीला न लागता थेट जमिनीवर पडला. जमिनीवर पोहोचण्यास लागलेला काळ आणि त्या क्षणीचा वेग काढा, तसेच वेग–काळ आणि त्वरण–काळ आलेख काढा. गुरुत्वत्वरण १० मी/से² धरा आणि हवेचा विरोध विचारात घेऊ नका.

तिने प्रवासाचे दोन भाग केले. वर जाताना वेग १५ वरून शून्यावर येतो, त्वरण उणे १०, म्हणून काळ १.५ सेकंद आणि गच्चीपासून चढलेली उंची ११.२५ मीटर. खाली येताना सुरुवातीचा वेग शून्य, त्वरण अधिक १०, पडण्याचे अंतर ३१.२५ मीटर, म्हणून काळ २.५ सेकंद आणि जमिनीवर आदळतानाचा वेग २५ मी/से. एकूण काळ ४ सेकंद. दोन्ही आकडे बरोबर आहेत. तिच्या वेग–काळ आलेखात मात्र रेषा १५ पासून उतरत दीड सेकंदाला शून्यावर येत होती आणि तेथून पुन्हा वर चढत चौथ्या सेकंदाला २५ वर पोहोचत होती, म्हणजे आकृती इंग्रजी व्ही या अक्षरासारखी झाली होती. त्वरणाच्या आलेखात दीड सेकंदापर्यंत उणे १० ची आडवी रेषा, त्यानंतर अधिक १० ची आडवी रेषा आणि दोहोंना जोडणारी एक उभी रेघ होती. ती रेघ काळाच्या अक्षाला जेथे छेदत होती, तेथे तिने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : ‘सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य’.

मी तिला बोलावून, हे शून्य कोठून आले, असे विचारले. तिचे उत्तर मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. ती म्हणाली, “सर, वर जाताना वेग कमी होतो म्हणून त्वरण ऋण आणि खाली येताना वेग वाढतो म्हणून धन. उणे दहावरून अधिक दहावर जायचं, तर मध्ये शून्य लागणारच ना?”

हे उत्तर मोलाचे आहे. सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य असते, असे म्हणणारी बहुतेक मुले ‘तेथे चेंडू थांबतो, म्हणून’ एवढेच कारण देतात. म्हणजे वेग आणि वेगातील बदल यांतच त्यांची गल्लत झालेली असते. या मुलीची ती गल्लत नव्हती. एखादी राशी ऋण बाजूकडून धन बाजूकडे सलगपणे जात असेल, तर ती वाटेत शून्यातून जायलाच हवी, हे तिचे अनुमान निर्दोष होते. दोष तिने गृहीत धरलेल्या एकाच वाक्यात होता : वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण.

हे वाक्य तिने स्वतः रचलेले नाही. शाळेत गतीचा धडा शिकवताना ते सर्रास सांगितले जाते आणि त्या धड्यापुरते ते खोटेही नसते. तेथील गाड्या, सायकली आणि धावपटू एकाच दिशेने जातात आणि ती दिशा कोणी न सांगताच धन मानलेली असते. वेग सतत धन असल्यावर त्वरणाचे ऋण चिन्ह आणि वेग मंदावणे या दोन गोष्टी एकत्रच येतात, म्हणून ऋण त्वरणाला मंदन म्हणून मोकळे होता येते. पुढे वस्तू उलट दिशेने फिरू लागते, दिशेविषयीची ती न बोललेली अट गळून पडते आणि वाक्य मात्र मुलांच्या मनात तसेच राहते. माझ्या मते मुलांनी केलेली चूक म्हणून याकडे पाहणे अन्यायाचे आहे; अर्धवट अटींसह दिलेली व्याख्या त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेली असते.

शब्दांचाही यात वाटा आहे. ‘त्वरण’ हा शब्द त्वरेपासून आला असल्यामुळे तो ऐकताच घाई वाढल्याचा भास होतो आणि ‘ऋण त्वरण’ म्हटले की घाई उणावल्याचा. शास्त्रीय भाषेत वेग ही दिशेसह सांगायची राशी आहे आणि दिशेविना सांगायच्या राशीला चाल म्हणतात. पण रोजच्या मराठीत आपण दोन्हींना वेगच म्हणतो. चेंडू खाली येताना ‘वेग वाढतो’ असे ती मुलगी म्हणाली, तेव्हा तिच्या मनात चाल होती. वर जाणारी दिशा धन मानली, तर शास्त्रीय अर्थाने चेंडूचा वेग पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत घटतच असतो : १५, ५, उणे ५, उणे १५, उणे २५. प्रत्येक सेकंदाला १० ने घट होते आणि त्या घटीत कोठेही खंड नाही.

हे मी तिला लगेच सांगितले नाही. सांगितले असते तर तिने मान डोलावून आणखी एक नियम पाठ केला असता. त्याऐवजी मी तिला तिच्याच वेग–काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ काढायला लावले. पहिल्या त्रिकोणाचे ११.२५ आणि दुसऱ्याचे ३१.२५, मिळून ४२.५ मीटर. या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, अर्थात दिशेसह मोजलेला जागेतील बदल, हे तिला ठाऊक होते आणि चेंडूचे विस्थापन गच्चीपासून जमिनीपर्यंत २० मीटर आहे, हेही उघड होते. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “हे तर चेंडूने कापलेलं सगळं अंतर आलं.” तिचा आलेख चालीचा होता, हे अशा रीतीने तिलाच उमगले. दुसरा त्रिकोण अक्षाच्या खाली घेतल्यावर ११.२५ वजा ३१.२५ म्हणजे उणे २० मिळाले, विस्थापन त्याच्या दिशेसह हाती आले आणि व्ही आकाराच्या जागी १५ पासून उणे २५ पर्यंत जाणारी, कोठेही न वळणारी एक सरळ रेषा उभी राहिली.

त्या रेषेचा उतार सर्वत्र सारखाच आहे. दीड सेकंदाला ती अक्ष ओलांडते, पण ओलांडताना ती सपाट होत नाही. त्वरण म्हणजे हा उतार हे मान्य केल्यावर सर्वोच्च बिंदूवरील शून्य त्वरणाला जागा उरत नाही. तरीही तिचे समाधान झाले नव्हते. आलेख काढण्याची रीत आपण बदलली म्हणून उत्तर बदलले, निसर्गात काय घडते ते वेगळेच असेल, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. ही शंका रास्त होती.

तेव्हा मी तिला बलाविषयी विचारले. चेंडू हातातून सुटल्यानंतर वर जाताना त्याच्यावर कोणते बल आहे? फक्त गुरुत्वाचे, खाली. सर्वोच्च बिंदूवर? तेच, खाली. खाली येताना? तेच. तिने ही उत्तरे न अडखळता दिली, हे विशेष होय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या, वर उडवलेल्या नाण्यावरील अभ्यासातून असे दिसले होते, की अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेने एक बल दाखवतात, जणू हाताने दिलेला जोर नाण्यात साठून राहिला आहे. आमच्या विद्यार्थिनीची बलाची समज त्या मुलांपेक्षा स्वच्छ होती. मग मी विचारले, की सर्वोच्च बिंदूवर बल आहे, वस्तुमान आहे आणि त्वरण शून्य आहे, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमात कसे बसवायचे? बल जर तीनही ठिकाणी एकाच दिशेने असेल, तर त्याच बलाने निर्माण केलेल्या त्वरणाची दिशा वाटेत कशी उलटली? तिने स्वतःच्या आलेखातील अधिक १० वर काट मारली आणि तेथे उणे १० लिहिले. ‘शून्य’ हा शब्दही खोडला.

एका समीकरणाची चार रूपे

दुसऱ्या दिवशी मी संपूर्ण वर्गाला तेच उदाहरण प्रवासाचे भाग न पाडता, एकाच समीकरणाने सोडवायला दिले. विस्थापन बरोबर सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक अर्धे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, हे समीकरण सर्वांना पाठ होते. अडचण होती ती कोणत्या राशीला कोणते चिन्ह द्यायचे याची आणि वर्गात त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या. काळ क्ष सेकंद मानून त्या तपासताना जे दिसले, तो या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

ज्यांनी वरची दिशा धन मानून तिन्ही राशींना तीच कसोटी लावली, त्यांनी विस्थापन उणे २०, वेग अधिक १५ आणि त्वरण उणे १० घेतले. समीकरण झाले क्ष² − ३क्ष − ४ = ० आणि क्ष = ४ मिळाले. दोघा-तिघांनी खालची दिशा धन मानली : विस्थापन अधिक २०, वेग उणे १५, त्वरण अधिक १०. त्यांचेही समीकरण क्ष² − ३क्ष − ४ = ० हेच झाले. या दोन्ही रीतींनी चेंडूच्या प्रत्येक क्षणीच्या वेगाचे आणि त्वरणाचे चिन्ह एकमेकांच्या उलट येते, चेंडू मात्र तोच राहतो, त्याच क्षणी त्याच जागी असतो. वर्गातील चर्चेत मी या मुद्द्यावर बराच वेळ थांबलो. वर जाणाऱ्या चेंडूचे त्वरण पहिल्या रीतीने ऋण आणि दुसऱ्या रीतीने धन असेल आणि चेंडू दोन्ही रीतींनी मंदावतच असेल, तर मंदावण्याची खूण एकट्या त्वरणाच्या चिन्हात असूच शकत नाही.

आता चुकलेल्यांचे पाहू. बऱ्याच मुलांनी विस्थापन अधिक २०, वेग अधिक १५ आणि त्वरण उणे १० असे घेतले. उंची २० दिली आहे, मग ती अधिकच असणार, असा त्यांचा समज होता. समीकरण झाले क्ष² − ३क्ष + ४ = ०. त्याचा विवेचक ९ वजा १६ म्हणजे उणे ७ येतो आणि मुळे वास्तव नाहीत. मुलांना वाटले की आकडेमोड चुकली. आकडेमोड बरोबर होती, विचारलेला प्रश्न वेगळा होता. त्या चिन्हांनिशी समीकरणाला विचारले गेले होते, की हा चेंडू गच्चीच्या वर २० मीटर उंचीवर कधी पोहोचेल? चेंडू गच्चीच्या वर ११.२५ मीटरपर्यंतच जातो, म्हणून समीकरणाने चोख उत्तर दिले, की कधीच नाही.

आणखी काहींनी सर्वच राशी धन घेतल्या, कारण त्यांच्या मते चेंडू शेवटी खालीच जातो आणि त्याचा वेग वाढतो. समीकरण झाले क्ष² + ३क्ष − ४ = ० आणि उत्तर १ सेकंद. हेही एका खऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे : गच्चीवरून चेंडू १५ मी/से वेगाने सरळ खाली फेकला, तर तो एका सेकंदात जमिनीवर पोहोचतो. चिन्ह बदलले की फेकणाऱ्याच्या हाताची दिशा बदलते. या तासानंतर आमची विद्यार्थिनी मला म्हणाली, की चिन्ह हे आकड्यापुढे लावायचे शोभेचे टिंब आहे असे तिला वाटत असे. ते वाक्यातील क्रियापदाइतके महत्त्वाचे असेल, हे तिच्या कधी लक्षात आले नव्हते. ही उपमा तिची आहे आणि मला ती आवडली.

क्ष² − ३क्ष − ४ = ० या समीकरणाचे दुसरे मूळ उणे १ आहे. मुले ते ‘काळ ऋण नसतो’ असे लिहून खोडतात. उदाहरणापुरते ते योग्य आहे, पण त्या मुळाला अर्थ आहे. चेंडू गच्चीवरून फेकला त्या क्षणाला आपण शून्य म्हटले. त्याच्या एक सेकंद आधी तो चेंडू जमिनीवरून २५ मी/से वेगाने वर फेकला असता, तर शून्याच्या क्षणी तो गच्चीच्या पातळीवर नेमका १५ मी/से वेगाने पोहोचला असता. ऋण काळ म्हणजे घड्याळ सुरू करण्यापूर्वीचा काळ. उंची, वेग, त्वरण, काळ या साऱ्यांच्या चिन्हांना अर्थ येतो तो आपण शून्य कोठे ठेवले आणि कोणत्या बाजूला पुढे म्हटले यावरून.

ऋण म्हणजे उलट बाजू, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. तेथे ऋण शब्दाचा मूळ अर्थ कर्ज आहे आणि कर्ज म्हटले की मनात कमतरताच येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मात्र एक त्रिकोण आहे, ज्याच्या दोन बाजू १० आणि १७ असून पाया ९ आहे. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकून पायाचे दोन भाग काढले, तर एक भाग १५ आणि दुसरा उणे ६ येतो. भास्कराचार्य हे उत्तर टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, असे ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर पडतो आणि त्याची लांबी ८ येते. ज्यांच्या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे शिलालेख कोरवला, त्या गणितज्ञाने बाराव्या शतकात ऋण राशीला दिलेला हा दिशेचा अर्थ अकरावीच्या भौतिकशास्त्रात जसाच्या तसा उपयोगी पडतो. ऋण त्वरण शिकवण्यापूर्वी हा त्रिकोण फळ्यावर काढावा, असे मला आता आग्रहाने वाटते.

पट्टीवरचा छर्रा

विद्यार्थिनीची मूळ शंका निसर्गात काय घडते याविषयी होती, म्हणून प्रत्यक्ष मोजमाप करणे भाग होते. सरळ वर फेकलेल्या चेंडूची गती डोळ्यांना आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला फार जलद असते. गॅलिलिओपुढेही हीच अडचण होती आणि १६३८ साली लायडन येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ती उतरत्या फळीवर गोळा सोडून, म्हणजे गती मंद करून, सोडवल्याचे वर्णन केले आहे. आम्ही वीजतारांसाठी भिंतीवर लावतात ती दोन मीटर लांबीची प्लास्टिकची केसिंग पट्टी घेतली, तिचे एक टोक सुमारे १० सेंटिमीटर उचलले, कडेला मोजपट्टी चिकटवली आणि खालच्या टोकाकडून एक पोलादी छर्रा वरच्या दिशेने ढकलला. छर्रा चढत गेला, थांबला आणि परत आला. मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीतून दर अर्ध्या सेकंदाची त्याची जागा वाचली.

एका फेरीत छर्‍याने एकामागून एक येणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदांत केलेली विस्थापने सेंटिमीटरमध्ये अशी मिळाली : ४६, ३७, २८, १९, ११, २, उणे ७, उणे १६. यातील ऋण आकडे कोणी नियम म्हणून लिहिलेले नाहीत. मोजपट्टीवरील नंतरच्या जागेतून आधीची जागा वजा केली, की ते आपोआप येतात, कारण मोजपट्टीचे आकडे ज्या बाजूला वाढतात तिच्या उलट बाजूला छर्रा निघालेला असतो. आता लगतच्या आकड्यांमधील फरक पाहावा. तो प्रत्येक वेळी उणे ९ च्या आसपास राहतो, फार तर वाचनाच्या चुकीने उणे ८ होतो. २ वरून उणे ७ वर जातानाही तो उणे ९ च आहे. छर्रा याच अर्ध्या सेकंदांच्या आगेमागे थांबून उलटा फिरला, पण फरकांच्या रांगेत त्याची कोणतीही खूण दिसत नाही. विद्यार्थिनीने हे फरक स्वतः काढले आणि शून्य शोधण्यासाठी ती रांग दोनदा तपासली. शून्य तेथे नव्हते.

यावर वर्गातील एका मुलाने आपला फोन पुढे केला. फोनमधील त्वरणमापक वाचणारे अॅप त्याच्याकडे होते आणि टेबलावर स्थिर ठेवलेल्या फोनचे त्वरण ते ९.८ च्या आसपास, तेही वरच्या दिशेने दाखवत होते. गादीवर पडेल असा अलगद उडवल्यावर मात्र जवळजवळ शून्य. मग सर्वोच्च बिंदूवर शून्य खरे नाही का, असा त्याचा प्रश्न होता. हा घोटाळा वेगळ्या जातीचा आहे. तो मापक फोनला बाहेरून बसणारा रेटा मोजतो, गुरुत्व त्याला जाणवत नाही. टेबल फोनला वर रेटत असते म्हणून ९.८ दिसते आणि हवेत रेटणारे कोणी नसते म्हणून शून्य. शिवाय ते शून्य हात सुटल्यापासून गादीला टेकेपर्यंत सलग दिसते, केवळ माथ्यावर नव्हे. चिन्हांची चर्चा पक्की होण्याआधी हे साधन वर्गात आणू नये, असे मी त्या दिवशी ठरवले.

लोकलचे किलोमीटर

त्वरणाचे चिन्ह आणि चाल वाढणे-घटणे यांचा संबंध नेमका काय, हे सांगण्यासाठी चेंडूपेक्षा लोकल अधिक उपयोगी पडली, कारण वर्गातील बहुतेक मुले मध्य रेल्वेने येणारी आहेत. या मार्गावरील अंतरे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजतात : टर्मिनस शून्य, दादर सुमारे ९ किलोमीटर, ठाणे सुमारे ३४. रुळालगतच्या खांबांवर हे किलोमीटरचे आकडे असतात. म्हणजे अक्ष, आरंभबिंदू आणि धन दिशा रेल्वेने आधीच ठरवून जमिनीत रोवून ठेवली आहे. किलोमीटर वाढवत जाणारी गाडी डाउन, तिचा वेग धन; टर्मिनसकडे येणारी गाडी अप, तिचा वेग ऋण. ऋण वेगाची गाडी डाउन गाडीपेक्षा हळू धावते, असे कोणीही म्हणणार नाही.

समजा, एक अप धीमी लोकल दादरहून निघाली आणि २५ सेकंदांत तिने १५ मी/से चाल गाठली. तिचा वेग शून्यावरून उणे १५ झाला, म्हणून त्वरण उणे ०.६ मी/से². त्वरण ऋण आहे आणि गाडी वेग घेत आहे. पुढे परळ येण्यापूर्वी मोटरमनने ब्रेक लावले आणि २० सेकंदांत गाडी थांबली. वेग उणे १५ वरून शून्यावर आला, म्हणून त्वरण अधिक ०.७५ मी/से². त्वरण धन आहे आणि गाडी मंदावत आहे. डाउन गाडीसाठी हीच दोन्ही चिन्हे उलटी होतील. वेग आणि त्वरण यांची चिन्हे सारखी असली तर चाल वाढते, भिन्न असली तर घटते. दोहोंच्या गुणाकाराचे चिन्ह पाहिले की पुरे, आणि अक्षाची दिशा उलटली तर दोन्ही चिन्हे एकदम बदलत असल्यामुळे हा गुणाकार बदलत नाही. मंदन हा शब्द वापरायचाच असेल, तर या गुणाकारासाठी वापरावा, एकट्या त्वरणासाठी नव्हे. सर्वोच्च बिंदूवरील चेंडूसाठी हा गुणाकार शून्य असतो, पण तेथे शून्य वेगाचे असते, त्वरणाचे नाही. चाल घटायची थांबून वाढायला लागण्याचा तो क्षण आहे. विद्यार्थिनीला जे शून्य माथ्यावर कोठेतरी असायलाच हवे असे वाटत होते, ते हे शून्य होते. तिची जाणीव खरी होती, पण तिने ते चुकीच्या राशीला चिकटवले होते.

हवेचा विरोध विचारात घेतला तर काय होते, हा प्रश्नही निघाला. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की वर जाताना हवेचे बल खाली असते म्हणून त्वरणाचे मूल्य १० पेक्षा थोडे जास्त असते, खाली येताना ते बल वर असते म्हणून थोडे कमी, आणि माथ्यावर, जेथे चेंडू क्षणभर हवेतून सरकतच नाही, तेथे ते नेमके १० असते. दिशा तिन्ही ठिकाणी खालीच. ज्या बिंदूवर तिने त्वरण शून्य लिहिले होते, तोच एक बिंदू असा आहे, की जेथे हवा असूनही पुस्तकातील मूल्य तंतोतंत लागू पडते.

दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत मी चेंडू दिला नाही. परळला थांबणाऱ्या अप लोकलचा वेग–काळ आणि त्वरण–काळ आलेख काढायला सांगितला. तिचा वेगाचा आलेख अक्षाच्या खालून, उणे १५ पासून चढत शून्यावर आला. त्वरणाची रेषा अक्षाच्या वर, अधिक ०.७५ वर आडवी होती आणि गाडी थांबण्याच्या क्षणी तिने ती एकदम शून्यावर आणली होती. शेजारी तिने विचारले होते, की वेग शून्य झाला तेव्हा चेंडूचे त्वरण कायम राहते, मग गाडीचे का नाहीसे होते?

हा प्रश्न मी पुढच्या तासाला वर्गापुढे ठेवला. उत्तर बलात आहे. पृथ्वीला चेंडू थांबला की चालला याच्याशी कर्तव्य नसते. ती त्याला ओढतच राहते, म्हणून चेंडू शून्यातून पलीकडे ऋण वेगाकडे जातो. ब्रेकचे घर्षण मात्र चाकांच्या गतीला विरोध करण्यापुरतेच असते. चाक थांबले की विरोध करायला काही उरत नाही, बल त्याच क्षणी नाहीसे होते आणि त्यासोबत त्वरण. ते तसे नाहीसे झाले नसते, तर परळला थांबलेली अप लोकल लगेच उलटी फिरून दादरकडे वेग घेऊ लागली असती. ०.७५ वरून शून्यावर झालेली ही उडी आपण रोज अंगावर अनुभवतो : ब्रेक लागलेले असताना दाराशी उभा असलेला माणूस पुढे कलू नये म्हणून अंग मागे रेटून धरतो आणि गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी तोच रेटा त्याला मागे झोकतो. तिने आपल्या आलेखातील त्या उभ्या पडत्या रेषेपाशी बाण काढून लिहिले, ‘इथे धक्का बसतो’.